लेद म्हणजे पद

माझी लेक गेली आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी तिच्या मुलीला गणित शिकवत होते. डेन्मार्कच्या शाळेचं गणित, तेही डॅनिशमधून. त्या भाषेचं मला एक अक्षर येत नव्हतं. नात ते शिकून तयार झाली की तिला इथून घेऊन जाणार होते, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी शिकवलं.

आम्ही शारजात राहतो. हे उम्म अल कुवैनला पाइपांच्या कारखान्यात प्रॉडक्शन बघतात. मी इथल्याच एका इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवायचे. लेक इथे वाढली, कॉलेजपुरती पुण्याला गेली, परत आली आणि दुबईत एका शिपिंग कंपनीत लागली. तिथे तिला हा भेटला. डेन्मार्कचा, उंच, फारसं न बोलणारा. लग्न करायचं म्हणाली तेव्हा ह्यांनी काही दिवस अबोला धरला, मग आपणच त्याला जेवायला बोलावलं. त्या पहिल्या जेवणातच त्याने मला नावाने हाक मारली. त्यांच्यात सासूलाही नावानेच बोलावतात म्हणे. शाळेत मी मॅडम होते, घरी आई. माझं नाव घेऊन कुणी बोलावल्याला बरीच वर्षं झाली होती. मी चपापले, पण मला वाईट वाटलं नाही.

त्यांचं घर दुबई मरीनात, खूप वरच्या मजल्यावर. नात जन्मली तेव्हापासून त्या घरात भाषांची वाटणी होती. बाप तिच्याशी डॅनिश बोलायचा, आई मराठी, आणि ते दोघं आपसात इंग्लिश. नात सगळ्यांना इंग्लिशमध्येच उत्तरं द्यायची. फक्त आईला ती 'मोर' म्हणायची, कारण डॅनिशमध्ये आईला मोर म्हणतात. लेक हसायची. "आई, बघ, सासरी जाऊन मला पिसारा फुटला."

मग ती आजारी पडली. दोन वर्षं चाललं ते. उपचार, थोडं बरं वाटणं, परत उपचार. शेवटी शेवटी दुखणं असं होतं की ती उशीचा कोपरा दातात धरायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. बाहेर म्हणजे मुलीच्या खोलीत. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की मुलीला काही कळू द्यायचं नाही. मोर दमली आहे, मोर झोपली आहे, एवढंच. फारच वाईट दिवस असले की मी नातीला शारजाला घेऊन यायचे. ती आमच्याकडे टीव्ही बघायची, खालच्या ग्रोसरीतून चिप्स आणायची, आणि आईबद्दल काही विचारायची नाही. मुलं लहान असतात, रमतात, असं आम्ही एकमेकांना सांगायचो.

लेकीच्या आजारात मी शाळा सोडली होती. ती गेल्यावरही मी रोज दुपारी मरीनाला जात राहिले. शारजाहून बस, मग मेट्रो. नात शाळेतून यायच्या आधी पोचायचं, तिला खायला द्यायचं, बाप ऑफिसातून आला की परत निघायचं. परतीच्या ट्रॅफिकमध्ये बस तासतासभर एकाच पुलावर उभी असायची. मला त्याची घाई नव्हती.

असेच काही आठवडे गेले आणि एका संध्याकाळी जावयाने मला थांबायला सांगितलं. त्याने चहा केला. त्याचा चहा म्हणजे गरम पाण्यात बुडवलेली पिशवी, पण माझ्यासाठी त्यात दूध घातलं होतं.

"आम्ही परत जायचं ठरवलंय," तो म्हणाला. "शाळेचं वर्ष संपलं की."

आम्ही म्हणजे तो आणि त्याची दहा वर्षांची मुलगी. मी विचारलं, "तिला सांगितलंस?"

"हो. ती काही बोलली नाही."

मग तो म्हणाला की तिकडे तिला तिच्या वयाच्या वर्गात बसवायचं असेल तर तिचं डॅनिश सुधारायला हवं. घरी ती बोलते, पण लिहिता येत नाही. आठवड्यातून दोनदा ऑनलाइन टीचर शिकवणार होती. बाकी दिवशी सराव. भाषेचं तो बघणार होता. "गणित तुम्ही घ्याल का? तुमच्याइतकं चांगलं मला येत नाही."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते. नाही म्हटलं असतं तर दुपारी त्या घरात यायला मला कारणच उरलं नसतं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे बूट काढत होते. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं." मग बराच वेळ तसेच एक बूट हातात घेऊन बसून राहिले.

अभ्यास बाल्कनीच्या काचेच्या दारापाशी चालायचा. लेकीने कधीतरी काचेवर लिहायचे मार्कर आणून ठेवले होते, फडक्याने पुसले की जाणारे. नातीला वहीत लिहायचा कंटाळा यायचा, काचेवर मात्र ती भराभर गणितं करायची. काचेपलीकडे खाली पाणी, बोटी, समोरच्या इमारती. तिच्या बेरजा त्या इमारतींवर लिहिल्यासारख्या दिसायच्या.

गणित अवघड नव्हतं. आकडे आकडेच असतात. अडायचं ते शब्दांपाशी. एका पानावर जागोजागी एकच छोटा शब्द होता, एल ई डी. आपल्याला वाटेल दिवा. नातीने उच्चारून दाखवला, लेद. पण शेवटचा द तिने नीट म्हटलाच नाही, जीभ दातांमागे नेऊन तशीच सोडून दिली. मला तो ल ऐकू यायचा. "नो, आजी," ती म्हणायची, आणि परत म्हणून दाखवायची. मला परत ल.

गणितावरून अर्थ लागला. सात अधिक तीन गुणिले पाच, यात लेद किती? उत्तर दोन. म्हणजे अधिक आणि उणेच्या चिन्हांनी वेगळे होतात ते भाग. आपण ज्याला पद म्हणतो ते. सबंध आयुष्य मी हेच शिकवलं होतं. आधी पदं ओळखा, पदाच्या आतला गुणाकार आधी करा, मग बेरीज. मी खुश झाले. पण त्याच आठवड्यात तिच्या भाषेच्या पुस्तकातही तोच शब्द दिसला, आणि तिथे एकही आकडा नव्हता. नुसती वाक्यं होती, आणि शब्दांखाली कुठे फुली, कुठे गोल.

जावई आला तेव्हा मी त्याला विचारलं. त्याने बॅग खाली ठेवली आणि तो तिथेच, काचेपाशी, जमिनीवर बसला. आधी त्याने आपलं बोट वाकवून पेराचा सांधा दाखवला. "हे लेद. सांधा." मग गणितातलं, मग वाक्यातलं. "वाक्याचे जे भाग असतात तेही लेद. कर्त्याखाली फुली मारायची, क्रियापदाखाली गोल काढायचा. आम्हीही शाळेत असंच शिकलो."

मी म्हटलं, "आमच्याकडेही एकच शब्द आहे. पद. गणितात टर्म ती पद. आणि शब्द वाक्यात जाऊन बसला की तोही पद."

"खरंच?" तो म्हणाला. त्याचा चेहरा बऱ्याच दिवसांनी जरा मोकळा झाला. "आणि सांधा?"

"सांधा नाही. पद म्हणजे पाऊल. आणि ऑफिसातली पोस्ट, तीही पद."

नात मध्येच म्हणाली, "अँड इन डॅनिश इट्स ऑल्सो पीपल." तिला काय म्हणायचंय ते त्याने सांगितलं. घराण्यातली पिढी, तीही लेद. मी पहिली, लेक दुसरी, नात तिसरी. मधलीचं नाव कुणी घेतलं नव्हतं, तरी आम्ही तिघांनीही तिला मोजलं होतं.

त्या दिवशी त्याने मला जेवायला थांबवून घेतलं. लेकीचं सगळं उरकल्यानंतर आम्ही पहिल्यांदाच इतकं बोललो होतो. निघताना मला वाटलं, हा माणूस माझं ऐकेल.

म्हणून पुढच्या आठवड्यात मी घरी विषय काढला. हे सुट्टीच्या दिवशी कणीदार तुपाची बरणी घेऊन बसले होते, चमच्याने तळ खरवडत. मी म्हटलं, "तिला एक वर्ष आपल्याकडे ठेवू या. तो तिकडे घर लावेल, नोकरीत स्थिरावेल, मग येऊन घेऊन जाईल."

हे हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "कुणाच्या व्हिसावर ठेवणार?" त्यांनी विचारलं. "मी कंपनीच्या व्हिसावर, तू माझ्या. माझी कंपनी मला यंदा रिन्यू करेल की नाही हे एचआरलाच माहीत नाही. माझं वय बघ. ती आपल्याकडे येणार म्हणजे कुठे येणार?"

"काहीतरी करता येईल."

"बोलून बघ. पण तो नाही म्हणणार, आणि त्याचं बरोबर असणार."

मी बोलले. जावयाने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग त्यानेही तेच विचारलं. "तुमच्याकडे म्हणजे कुठे? शारजाला? आणि शारजा सुटलं की पुण्याला? ती पुण्याला कधी सुट्टीपलीकडे राहिलेली नाही."

"मी आहे ना तिथे," मी म्हटलं.

तो म्हणाला, "मला माहीत आहे. पण तिला आता एकच पालक आहे. त्यालाही तिच्यापासून दूर ठेवू?"

वाईट माणूस असता तर भांडले तरी असते. त्याने माझा हात हातात घेतला आणि माझं नाव घेऊन सॉरी म्हटलं. मी त्या रात्री बसमध्ये खिडकीशी बसून आले, इतकंच आठवतं.

पुढे अभ्यास चालूच राहिला. आता तिने इंग्लिशमध्ये उत्तर दिलं तर बाप ते चालवून घ्यायचा नाही. मी चुकून मराठीत काही म्हटलं तर ती आधी समजून घ्यायची, आता अर्धवट ऐकून परत पानात बघायची. तिची गती चांगली होती. लेकीपेक्षा चांगली. पदं सुटी करायला तिला शिकवावं लागायचं नाही, बघितल्याबरोबर दिसायची. एखादी मुलगी इतकी पटकन शिकते तेव्हा शिकवणाऱ्याला बरं वाटतं. मलाही वाटायचं. मग आठवायचं की हे कशासाठी चाललंय.

एके दिवशी मी स्वयंपाकघरात तिच्यासाठी थालीपीठ लावत होते. ती काचेपाशी भाषेचा अभ्यास करत होती. स्वतः वाक्यं बनवायची आणि त्यांतले भाग ओळखायचे, असं काहीतरी टीचरने दिलं होतं. जावई लवकर घरी आला होता, सोफ्यावर लॅपटॉप उघडून बसला होता. मी ताट घेऊन बाहेर आले. काचेवर बरीच वाक्यं होती, मला न कळणारी. सगळ्यात खाली एक दोनच शब्दांचं होतं, आणि ते मला वाचता आलं. पहिला शब्द मोर. दुसरा लेद. मोरखाली फुली, लेदखाली गोल.

मी हरखले. डॅनिशमधलं एक अख्खं वाक्य मला आपलंआपण कळलंय असं वाटलं. मी म्हटलं, "बघ, मला वाचता आलं. मोर म्हणजे आई, लेद म्हणजे पद. आई हे पद आहे. बरोबर?"

नात माझ्याकडे बघत राहिली. तिने मार्करचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

जावयाने लॅपटॉपवरून मान वर केली. काच वाचली. लॅपटॉप बाजूला ठेवून तो उठला आणि तिच्यापाशी येऊन डॅनिशमध्ये अगदी हळू काहीतरी विचारलं. तिने खांदे उडवले. मग तिने एक लांब उत्तर दिलं, खाली बघत. मी कधी तिला इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. तिच्या बोलण्यात मध्येच शारजा आलं, आजी आलं. बाप ऐकता ऐकता गुडघ्यांवर बसला.

मी ताट धरून उभीच होते. "काय झालं?" मी विचारलं.

तो माझ्याकडे न बघता इंग्लिशमध्ये म्हणाला, "इथे लेदचा अर्थ तो नाही. हे क्रियापद आहे. लिहिताना तसंच दिसतं. बोलताना थोडं वेगळं, गळ्यात अडकल्यासारखं." मग थांबून म्हणाला, "सोसणं. त्याचा भूतकाळ. आईने सोसलं, असं लिहिलंय तिने."

ती काय काय बोलली तेही त्याने सांगितलं. तिला सगळं ऐकू यायचं. भिंतीला कान लावून ती बसायची. तिला शारजाला न्यायचे तेव्हा तिला कळायचं की आज जास्त दुखतंय. टीव्हीचा आवाज ती मोठा करायची तो आजी-आजोबांना वाटावं म्हणून, की ती बघते आहे. आम्ही तिच्यापासून लपवत होतो आणि ती आमच्यापासून.

मी ताट खाली ठेवलं आणि तिला जवळ घ्यायला गेले. तिने घेऊ दिलं, पण अंग ताठ होतं. "इट्स ओके, आजी," ती म्हणाली, जशी मोठी माणसं म्हणतात. मी तिला मराठीत खूप काही सांगत राहिले. की तिची आई किती धीराची होती, की तिने बोलायला हवं होतं, की आम्ही चुकलो. त्यातलं किती तिला कळलं माहीत नाही. मला जे बोलायचं होतं ते इंग्लिशमध्ये येत नव्हतं आणि तिला जे बोलायचं होतं ते तिने आधीच बापाला तिसऱ्या भाषेत बोलून टाकलं होतं.

त्यानंतर तिने मला काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. काच कुणी पुसली, कधी, ते मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा स्वच्छ होती.

जून उजाडला. सामान गेलं. एअरपोर्टवर ह्यांनी नातीला उचलून घ्यायचा प्रयत्न केला, आता ती उचलण्याएवढी लहान नव्हती, मग नुसतं डोक्यावर हात ठेवला. जावयाने मला मिठी मारली. नात वळून हात हलवत गेली आणि मग सिक्युरिटीच्या रांगेत तिच्या बापाच्या पाठीआड दिसेनाशी झाली.

सुरुवातीला दर रविवारी कॉल असायचा. मी तिला म्हटलं होतं, गणित अडलं की मला दाखव, आपण स्क्रीनवर करू. दोन-तीनदा तिने दाखवलंही. मग एकदा म्हणाली, "आय गेट इट नाउ, आजी." जावई मागून कौतुकाने म्हणाला, ती वर्गात गणितात सगळ्यात पुढे आहे, टीचर विचारत होती की हिला कुणी शिकवलं. मी हसले. त्यानंतर गणित संपलं आणि आमच्याकडे बोलायला फारसं काही उरलं नाही. शाळा कशी आहे? गुड. थंडी आहे का? यस. इंग्लिशही ती आता थांबून थांबून बोलायची. कॉल पंधरवड्याने, मग महिन्याने. एकदा तिच्या मागे एक बाई दिसली, कपबशा आवरताना. जावयाने ओळख करून दिली. बाई छान होती, हात हलवला. ह्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि ते बाल्कनीत गेले.

मी फोनवर डॅनिश शिकायचं ॲप घेतलं. हे ऑफिसला गेले की मी आणि ते ॲप. त्यातली बाई वाक्य म्हणायची, मी तिच्यामागून म्हणायचे, आणि बहुतेक वेळा लाल खूण यायची. मी चिकाटी सोडली नाही. नववी-दहावीच्या मुलांना मी हेच सांगायचे, की रोज थोडं करा. पण ती मुलं चौदा-पंधराची होती, आणि माझी जीभ साठीची.

यंदा ह्यांच्या कंपनीने रिन्यूअल केलं नाही. एचआरने अगदी आदराने बोलावून सांगितलं. ह्यांनी घरी येऊन एकच शब्द म्हटला, खलास. महिन्याभरात आम्हाला शारजा सोडायचंय. पुण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, भाडेकरू खाली करतोय. जावयाला कळवलं तेव्हा त्याने लगेच फोन केला. म्हणाला, पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुण्याला येऊ, इन्शाल्ला. हा शब्द तो दुबईत शिकला होता. खात्री नसली की तो वापरतात, हे इथे वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाला कळतं, त्यालाही, मलाही.

मग त्याने नातीला फोनवर घेतलं. ती उंच झाली होती, केस कापले होते. लेकीचं कपाळ तसंच. मी आठवडाभर एकच वाक्य घोकत होते. जेवलीस का, एवढंच. हार दू स्पीस्त. घसा साफ केला आणि म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मान वळवून बापाला तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. आजी काय म्हणतेय, असंच असणार. जावयाने तेच वाक्य परत म्हणून दाखवलं. मी म्हटलेलं आणि त्याने म्हटलेलं, मला दोन्ही अगदी सारखंच ऐकू आलं.

"या," ती म्हणाली. म्हणजे हो.

मग तिला कुणीतरी आतून बोलावलं आणि ती गेली. मी फोन ठेवला. हे आतल्या खोलीत पुस्तकं खोक्यात भरत होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "काय म्हणाली?"

"जेवली म्हणाली," मी सांगितलं, आणि चिकटपट्टी घेऊन त्यांच्या मदतीला गेले.